कंप्यूटरवालीची सासू

इंटरनेटला पूर्वी आवाज होता, हे आता कुणाला सांगून पटत नाही. लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात तो रोज संध्याकाळी ऐकू यायचा. आधी नंबर लागल्याची टुकटुक, मग घसा खरवडल्यासारखी किरकिर, मग एक लांब शीळ. शीळ थांबली की समजायचं, लागली लाइन. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला असायचा, त्यामुळे भंडाऱ्याहून फोन लावणारा मामा दुसऱ्या दिवशी रुसायचा. एक ईमेल उघडेपर्यंत माझी कणीक मळून व्हायची. मला तरी तेव्हाचं इंटरनेट बरं वाटतं. ते येईपर्यंत माणूस काहीतरी कामाचं करायचा.

मी टेलिफोनच्या खात्यात इंजिनिअर होते. नवऱ्याची नोकरी चारबागला रेल्वेच्या ऑफिसात, माझी ही, आणि मुलगी लखनौतच जन्मलेली. तिच्याशी आम्ही मराठीत बोलायचो आणि ती हिंदीत उत्तरं द्यायची. बाबा गेल्यावर आईही आमच्याकडे राहायला आली. ती मात्र शेवटपर्यंत भंडाऱ्याचीच भाषा बोलली आणि सब्जीवाल्या भैयालाही तिनं तीच शिकवली. तो तिच्या तालमीत इतका तयार झाला की "माय, भेदरं घेता का?" असं विचारायचा. भेदरं म्हणजे आमच्याकडचे टोमॅटो. लखनौच्या गल्लीत हा शब्द ऐकला की मला रडू यायचं आणि हसूही.

दोन हजार दहाच्या पुढे-मागे खात्यानं ठरवलं की आता गावोगावी मोठं इंटरनेट न्यायचं. ब्रॉडबँड. माझ्या वाट्याला मलिहाबादच्या बाजूची गावं आली. जीप, ड्रायव्हर आणि मी. शहर संपलं की दोन्ही अंगांना आमराया सुरू व्हायच्या आणि मग मैलोगणती दुसरं काही दिसायचंच नाही. जमिनीखालून आम्ही जी केबल टाकत होतो ती तांब्याची नव्हती, काचेच्या तंतूची होती, आणि चोरांना हे ठाऊक नव्हतं. ते बिचारे मेहनतीनं खणायचे, कापायचे, आत तांबं नाही बघून तिथंच टाकून जायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की एकदा मी सगळ्या रस्त्यावर पाट्या लावायला लावल्या : "इसमें ताँबा नहीं है." आठवड्यानं पाट्याच चोरीला गेल्या. पत्र्याच्या होत्या.

त्यातल्याच एका गावाची ही गोष्ट आहे. गावाचं नाव सांगत नाही. चारी बाजूंनी दशहरी आंब्याची झाडं, मधे विटांचे रस्ते, पंचायतीची दोन खोल्यांची इमारत. पुढच्या खोलीत आम्ही कंप्यूटर आणि प्रिंटर ठेवला. मागच्या कोठडीत आमची लोखंडी पेटी : वर यंत्र, खाली बॅटऱ्या. बाहेरून आलेली काचेची तार त्या पेटीत शिरायची आणि तिथून गावाला इंटरनेट मिळायचं. पेटी बंद पडली की गाव बंद.

केंद्र चालवायला माणूस हवं होतं. गावातली बारावी झालेली पोरं लखनौला पळालेली. शेवटी एका घरची सून मिळाली. पंचायतीला लागूनच तिचं घर. हरदोईकडून लग्न होऊन आलेली, बावीस-तेवीसची, माहेरी कंप्यूटरचा कोर्स केलेला. नवरा आंब्याची गाडी घेऊन दिल्लीच्या मंडीत जायचा, हंगामात तर महिना महिना घरी नसायचा. सासूनं पाठवायला होकार दिला तो अशा हिशेबानं : "बगल में ही तो है. आवाज दूँ तो सुनाई दे जाए." 

त्या मुलीला मी पहिल्यांदा तिच्या घरी बघितलं तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती. सासू खाटेवर, सासरे खाटेवर, मी पाहुणी म्हणून एकुलत्या एका खुर्चीवर, आणि ती खाली, डोक्यावरून पदर ओढून. तिथली रीतच तशी. मोठ्यांसमोर सून खाटेवर बसत नाही, खुर्चीचा तर प्रश्नच नाही. पण केंद्रात कंप्यूटर टेबलावर, तेव्हा खुर्ची आली. निळ्या प्लास्टिकची, साधी. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली, चिमणी बसते तशी. महिन्याभरानं गेले तर पाठ टेकून बसलेली होती. डोक्यावर पदर होताच, पण समोर तिचे सासरे उभे होते आणि जमिनीच्या उताऱ्याची, म्हणजे तिकडच्या खतौनीची, प्रत मागत होते.

"दो मिनट रुकिए, बाबूजी. सर्वर धीमा है," ती म्हणाली. आणि बाबूजी थांबले.

मी बाहेर येऊन ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, आज चाय मेरी तरफ से." त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं नाही. सांगून त्याला कळलं नसतं असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

हळूहळू गावात तिची सवय झाली. पोरं निकाल बघायला यायची, बाया दिल्लीला असलेल्या नवऱ्यांचा चेहरा बघायला यायच्या, प्रधानजी, म्हणजे तिकडचे सरपंच, उगाचच यायचे. मी गेले की ती मला चहा द्यायची आणि हळूच विचारायची, "मैडम, ये बंद तो नहीं होगा ना?" मी म्हणायचे, कशाला बंद होईल? ती म्हणायची, "बंद हुआ तो हमें फिर नीचे बैठना पड़ेगा." तिनं हे हसत सांगितलं होतं. मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

आणि जूनमध्ये ते बंद पडायला लागलं.

लखनौच्या ऑफिसात आमच्यासमोर एक स्क्रीन असायचा. प्रत्येक गावाचा एक ठिपका. लाइन चालू असली की हिरवा, गेली की लाल. या गावाचा ठिपका रोज भर दुपारी लाल व्हायचा आणि ऊन उतरलं की आपोआप हिरवा. आधी वाटलं, वीज जाते. पण बॅटऱ्या भरलेल्या होत्या. मग वाटलं, ऊन आहे, यंत्र तापत असेल. पण मग शेजारच्या गावांची यंत्रं का तापत नव्हती? ऊन काय प्रधान बघून पडतं? मी पंखा बदलला. आतलं कार्ड बदललं. वानरं तार ओढतात की काय म्हणून छपरावर काटे टाकले. दरवेळी आदल्या दिवशी फोन करून जायचे, कोठडी उघडून बघायचे, झाडून पुसून लख्ख. पेटीला हात लावला तर कोमट. मी परत आले की दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लाल.

आमचे साहेब सज्जन होते, पण त्यांच्यामागे पुढच्या गावचा प्रधान हात धुऊन लागला होता. त्यालाही पेटी हवी होती. साहेब मला म्हणाले, "मैडम, महीने के आखिर तक लाइन टिकी तो ठीक. नहीं तो मशीन उठवाकर अगले गाँव में लगवा दीजिए. मजबूरी है." मी वाद घातला. वाद घालण्यात मी कुणाला हार जात नाही, पण लाल ठिपक्यापुढे काय वाद घालणार?

मी गावात जाऊन त्या मुलीला सांगितलं.  काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाजूच्या घरातून सासूची हाक आली, "बहू!" आणि ती उठून गेली. मला तिचा तेव्हा भयंकर राग आला. म्हटलं, मी इथं जिवाचा आटापिटा करतेय आणि हिला सासूच्या हाकेचं पडलंय. त्या दिवशी मी पेटीतला पंखा पुन्हा बदलला, काढलेला पिशवीत घातला आणि घरी आणला, म्हटलं दुसऱ्या दिवशी ऑफिसात नीट उघडून बघू.

घरी आले, पिशवी दिवाणावर टाकली, आणि पाणी प्यायला बसले तर आई आली. तिनं आधी मला हुंगलं, मग पिशवीला.

"काय वं," ती म्हणाली, "आढी घातली का कोनं?"

"कसली आढी?"

"आंब्याची, दुसरी कायची? ह्या पिशवीले आढीचा वास येऊन राह्यला."

मी म्हटलं, आई, मलिहाबादला गेले होते, जून महिना आहे, तिथं सगळ्यालाच आंब्याचा वास येतो.

"मले नको शिकवू," आई म्हणाली. "आंब्याचा वास येगळा न् आढीचा वास येगळा. हा तणसीत घातलेल्या आंब्याचा होय. गरम वास. थांब." तिनं पिशवीतला पंखा काढला, माझ्या परवानगीशिवाय, आणि पात्यांमधून एक पिवळी काडी ओढून माझ्यासमोर धरली. भाताच्या तणसाची काडी.

आमच्या भंडाऱ्याच्या घरी माळ्यावर आढी असायची. तणसाचा थर, त्यावर कच्चे आंबे, वर पुन्हा तणस, वर गोणपाट. आत हात घातला की ऊब लागायची, जणू आत कुणी झोपलंय. लहानपणी आम्ही चोरून हात घालायचो आणि पिकलेला आंबा बोटांनीच ओळखायचो. ते सगळं मला त्या एका काडीनं आठवलं, आणि पुढच्याच क्षणी डोक्यात उजेड पडला. कोठडीत कुणीतरी आढी घालत होतं. पेटीच्या खाली जिथून हवा आत जाते, तिथंच. मी येणार म्हणून फोन केला की आढी हलायची आणि कोठडी लख्ख व्हायची.

आईला म्हटलं, तू आमच्या खात्यात पाहिजे होतीस. ती म्हणाली, "पगार किती देतेत?"

दुसऱ्या दिवशी फोन न करता गेले. भर दुपारी. गाव चिडीचूप, फक्त आमरायांमधून उतरणीच्या माणसांचे आवाज. केंद्राचं दार उघडं, खुर्ची रिकामी. मागच्या कोठडीचं दार ढकललं आणि आत पाय टाकायला जागा नव्हती. पेटीभोवती, पेटीखाली, बॅटऱ्यांच्या दोन्ही बाजूंना तणस, आणि वर गोणपाट पांघरलेलं, थेट हवेच्या जाळीपर्यंत. आणि त्या सगळ्याच्या मधे पाटावर बसलेली सासू एकेक आंबा उचलून हुंगत होती. शेजारी सून उभी, हातात टोपली.

मी आवाज चढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण हिंदी संपल्यावर मराठीत बोलले एवढं आठवतं. सरकारी यंत्र, लाखाचं सामान, अक्कल, लाज, सगळं निघालं. सासूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग एक आंबा पदराला पुसून माझ्यापुढे धरला.

"पहले चख लो, बिटिया. फिर डाँट लेना."

इतक्या रागात असताना कुणी आंबा दिला तर माणसानं काय करावं याचं शिक्षण मला कुणी दिलेलं नव्हतं. मी खाल्ला. आता खरं सांगते, तसा दशहरी मी त्याआधी खाल्ला नव्हता. सालाजवळसुद्धा आंबटपणाचं नाव नाही, देठापासून टोकापर्यंत एकसारखा. सासू माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मशीन की गरमी से," ती म्हणाली. "सब तरफ से बराबर पकता है. पुआल में तो एक गाल कच्चा रह जाता है." पुआल म्हणजे आपलं तणस.

मग तिनं सगळं सांगितलं, न लाजता, न घाबरता. ही कोठडी कित्येक वर्षं रिकामी होती आणि तिच्यात आंबे पिकवायला तीच घालायची. घरात वानरांचा त्रास, इथं दाराला कडी. गावात तिच्या हातच्या आंब्यांचं नाव होतं. लेकींच्या सासरी, व्याह्यांकडे, गावच्या मोठ्या घरी, सगळीकडे पिकवायला आंबे तिच्याकडे यायचे. लोक तिला त्याच नावानं ओळखायचे. आम्ही पेटी ठेवली तेव्हा तिला वाटलं, ठीक आहे, कोपऱ्यात राहू दे बिचारी. मग लक्षात आलं की ही पेटी गरम असते. देवच पावला.

"और अब," ती म्हणाली, आणि इथं पहिल्यांदा तिचा आवाज चढला, "अब गाँव में हमको कोई आम वाली नहीं कहता. कहते हैं, कंप्यूटर वाली की सास. हमारी उमर में हम किसी की सास हो गए!"

मला हसू आवरेना आणि ते दाबताना ठसका लागला. सुनेनं पाणी दिलं. देताना ती माझ्याकडे नाही, सासूकडे बघत होती. तेव्हा मला तिची कोंडी कळली. सांगितलं असतं तर सासू म्हणाली असती, मग घरीच बस. नाही सांगितलं तर लाइन जाणार, पेटी जाणार, आणि मग घरीच बसायचं. दोन्हीकडून जमीन. रोज दुपारी ठिपका लाल होताना आम्हाला ऑफिसात दिसायचा, तिच्या तर डोळ्यांसमोरच लाइन जात होती.

मी सासूला साध्या शब्दांत सांगितलं. आंब्यांमुळे पेटीचा श्वास कोंडतो. असंच चाललं तर महिनाअखेरीस मी स्वतः ती उचलून नेणार.

"ले जाओ," सासू म्हणाली. "हमारा क्या? बहू घर बैठेगी, चार रोटी ज्यादा बनेगी."

"हम नहीं बैठेंगे, अम्मा," सून म्हणाली.

  त्या मुलीनं डोकं वर केलेलं नव्हतं, टोपली तशीच धरलेली होती, पण बोलली ती स्पष्ट. "आम हम घर में पकवा देंगे. जैसा आप कहेंगी वैसे. बंदर भी हम देख लेंगे. मगर नीचे हम नहीं बैठेंगे." 

सासू तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. मी मधे पडायच्या तयारीत पदर खोचला, साडी नसताना. सासूनं एक आंबा उचलला, हुंगला, परत ठेवला. मग उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि म्हणाली, "तो खड़ी क्या हो? उठाओ. धूप चढ़ने से पहले." धूप कधीचीच चढली होती.

त्या दुपारी आम्ही तिघींनी ती आढी हलवली. टोपलीत, पदरात, मी ओढणीत. ड्रायव्हरला हाक मारली तर सासू म्हणाली, मर्दांच्या हातानं आंबा दबतो. पंचायतीच्या दारातून तिच्या घराच्या दारापर्यंत वीस पावलांचं अंतर असेल नसेल, पण ऊन असं की विटा पायाला चावत होत्या. तिनं आंबे स्वतःच्या खाटेखाली घातले. मी तणस पसरायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि पुन्हा पसरलं. मी म्हटलं, अम्मा, आमच्याकडेही असंच पिकवतात, महाराष्ट्रात. तिनं विचारलं, "दशहरी?" मी म्हटलं, नाही, गावरान, छोटे, रस काढायचे. ती म्हणाली, "तो फिर क्या पकवाते हो," आणि विषय संपला. सून तोंडाला पदर लावून हसत होती. नोकरीतल्या इतक्या वर्षांत मला बढत्या मिळाल्या, एकदा स्टेजवर शालही मिळाली. त्या दुपारइतका आनंद मला कशानंच झाला नाही. आज लिहितानाही तो जसाच्या तसा वर येतो.

ठिपका हिरवा राहिला. महिनाअखेर आली, गेली. साहेबांनी पुढच्या गावच्या प्रधानाला वेगळी पेटी मिळवून दिली. मी घरी आंब्यांची टोपली आणली तेव्हा आईनं एक कापला, खाल्ला, आणि म्हणाली, "बाई हुशार हाय." आईच्या तोंडून दुसऱ्या बाईच्या आढीला मिळालेलं हे एवढंच प्रमाणपत्र.

पुढची तीन-चार वर्षं ते केंद्र भरात होतं. आता आठवलं की वाटतं, किती थोडे दिवस होते ते. त्या मुलीनं खुर्चीवर गादी शिवून घेतली. तिला मुलगा झाला तेव्हा बाळाला सासू सांभाळायची, केंद्राच्याच ओट्यावर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, अभी भीड़ है, बाद में आना. हाक मारली की ऐकू जावं म्हणून जवळ ठेवलेल्या सुनेला आता सासूच हाका ऐकवायची, पण त्या गावातल्या लोकांच्या असायच्या. अमक्याला फोटो हवाय, तमकीला फॉर्म भरायचाय.

मग फोन स्वस्त झाले. नुसते फोन नाही, फोनमधलं इंटरनेट. एका वर्षात इतकं झपाट्यानं झालं की आम्हालाही कळेना. जी पोरं निकालासाठी रांग लावायची ती झाडाखाली बसून निकाल बघायला लागली. बाया नवऱ्याचा चेहरा स्वयंपाक करता करता बघायला लागल्या. खतौनीही फोनवर दिसायला लागली. ज्यासाठी आम्ही जमीन खणली, चोरांना शिव्या घातल्या, उन्हात पायपीट केली, ते सगळं हवेतून आलं आणि फुकटासारखं आलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. माझ्या खात्याचं काय होणार हा विचार त्याच्या मागून आला.

केंद्रं ओस पडली. वरून हुकूम आला की जिथं वापर नाही तिथली यंत्रं काढा. त्या गावाचा ठिपका शेवटपर्यंत हिरवा होता. हिरवा, आणि रिकामा. मी तेव्हा दुसऱ्या कामावर होते. पेटी काढायला दुसरी माणसं गेली.

आणि मग एक दिवस दुपारी गेटवरच्या गार्डनं फोन केला. "मैडम, कोई अम्मा आई हैं. नाम नहीं बता रहीं. कहती हैं, कंप्यूटर वाली की सास."

मी खाली धावले. ती गेटजवळच्या कट्ट्यावर बसली होती. धुतलेली साडी, पायात नवी चप्पल. मलिहाबादहून बसनं एकटी आली होती, चारबागपर्यंत जाऊन, तिथून ऑटोवाल्यांशी भांडून. लखनौत ती त्याआधी आयुष्यात दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा हॉस्पिटलात. मी तिला वर घेऊन गेले, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. ती बसली, पण कडेवर.

चहा घेतला नाही. म्हणाली, आधी काम. मग हात जोडले. मी घाईनं ते हात खाली केले, पण ती बोलायची थांबली नाही. आम्ही पेटी का नेली ते तिला माहीत आहे, म्हणाली. आंब्यांमुळे. ती गोष्ट जुनी, पण सरकार विसरत नाही. तेव्हापासून तिनं त्या कोठडीत एक आंबाही ठेवलेला नाही. वाटलं तर कुणालाही पाठवा, गावात विचारा. यंदा तर तिनं आंबे पिकवायला घातलेच नाहीत, घरातही नाही, खाटेखालीही नाही. कुणाचेच घेतले नाहीत.

"गलती हमारी थी," ती म्हणाली. "सजा बहू को क्यों? सारा दिन चौखट पर बैठी रहती है. नीचे. हम कहते हैं, खाट पर बैठ जा, हमारे बगल में बैठ जा. नहीं बैठती. कहती है, अब क्या फायदा, अम्मा."

 मी टेबलावरचं पाणी तिच्यापुढे सरकवलं आणि सांगितलं. जेवढं साधं सांगता येईल तेवढं साधं. आंब्यांमुळे नाही, अम्मा. खरंच नाही. आता इंटरनेट सगळ्यांच्या फोनमध्ये आलंय. तुमच्या गावात, तुमच्या घरातही. म्हणून पेटीची गरज उरली नाही. कुणाची चूक नाही.

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. मी खोटं बोलत नाही याची खात्री करून घ्यायला तिला वेळ लागला.

"सच? आम की वजह से नहीं?"

"सच, अम्मा."

मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. तिचे खांदे खाली आले. हातातला पदर तिनं मुठीत धरला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं, पार्किंग होतं.

"आम होते," ती म्हणाली, "तो हम हटा देते."